विमान उतरवून गाडीत बसलं की ६० चा वेगही संथ का वाटतो?

जो माणूस विमान उडवतो, त्याला कार चालवणं म्हणजे डाव्या हाताचा मळ, असं आपल्याला वाटतं. पण समजा, गोंदिया किंवा धुळ्याच्या फ्लाइंग स्कूलमधला एखादा विद्यार्थी सकाळभर सेसना १७२ उडवून खाली उतरला आणि तडक स्वतःच्या कारमध्ये बसला. त्याला जड काय जाईल?

पहिला अंदाज पायांचा. सेसना जमिनीवर चालत असताना समोरचं हँडल, म्हणजे योक, कितीही फिरवलं तरी विमान वळत नाही. ते वळतं पायांनी. डावं पेडल दाबलं की डावीकडे, उजवं दाबलं की उजवीकडे. ब्रेकही त्याच पेडलच्या वरच्या भागात असतात, तेही डाव्या-उजव्या चाकाचे वेगवेगळे. आता हीच सवय घेऊन कार उजवीकडे वळवायला गेलात, तर पाय थेट ॲक्सिलरेटरवर!

ऐकायला भयंकर वाटतं, पण हा घोळ उलट्या दिशेने जास्त होतो. कार येणारा नवशिक्या विमानात बसला की टॅक्सीवेवर योक स्टेअरिंगसारखं फिरवत बसतो आणि विमान आपलं सरळ चाललेलं असतं. प्रशिक्षकांना हे नवीन नाही. कारमध्ये मात्र हात स्टेअरिंगवर पडले की जुनी सवय जागी होते. आणि चुकीचं पेडल दाबलं तर ते लगेच कळतं तरी.

वेगाचं तसं नसतं. वेगाचा अंदाज चुकतोय हे आपल्याला कळतच नाही.

सेसना १७२ हवेत साधारण ताशी २०० किलोमीटरने जाते. पण ३,००० फुटांवरून खालची शेतं, रस्ते, नदी सगळं सावकाश सरकताना दिसतं. डोळे वेग मोजतात ते जवळच्या वस्तू किती झपाट्याने मागे जातात त्यावरून, आणि तिथे जवळ काहीच नसतं. उतरताना वेग येतो ११० ते १२० वर, तोही रिकाम्या, रुंद धावपट्टीवर. मेंदू या सगळ्याला ‘नेहमीचं’ मानू लागतो. मग कारमध्ये ६० वर काटा असला तरी गाडी रांगतेय असं वाटतं.

हे फक्त वैमानिकांचं होतं असं नाही. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर तासभर १०० ने गाडी हाकून खाली उतरा. ५० वर आलात तरी थांबल्यासारखं वाटेल. ब्रिटनमध्ये वेगवान रस्त्यांच्या शेवटी, गोल चौकाच्या आधी, रस्त्यावर आडवे पिवळे पट्टे मारतात ते याचसाठी. पट्ट्यांमधलं अंतर कमी कमी होत जातं, त्यामुळे डोळ्यांना वेग वाढल्याचा भास होतो आणि पाय ब्रेककडे जातो.

त्यात आवाजाची भर. छोट्या विमानाचं इंजिन इतकं आरडतं की हेडसेटशिवाय बोलणं कठीण. त्यानंतर काचा लावलेली कार म्हणजे देवघर! वेगाचा अंदाज आपण कानांनीही घेत असतो, तो इथे आणखी खाली येतो.

हवेत दुसरं विमान एक किलोमीटरवर असलं तरी वैमानिक सावध होतो. रस्त्यावर पुढचा ट्रक २० मीटरवर असतो. ६० च्या वेगाला कार एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. म्हणजे ‘हळूच तर चाललोय’ असं वाटत असताना हाताशी उरतो जेमतेम सव्वा सेकंद.

म्हणून उतरल्यावर थोडं पाणी, थोडी गप्पाटप्पा आणि मगच किल्ली. पहिली पंधरा-वीस मिनिटं मनाचं न ऐकता स्पीडोमीटरचं ऐकायचं. पुढच्या गाडीपासून अंतर वाटतं त्यापेक्षा जास्तच ठेवायचं.

आणखी एक गंमत. वैमानिकाला पहिल्या दिवसापासून शिकवतात, मधल्या रेषेवर राहा. हवेत समोरासमोर विमान आलं तर दोघांनीही उजवीकडे वळायचं, हाही नियमच. आपल्या रस्त्यावर या दोन्ही गोष्टी कोणी करू नयेत.

एक सवय मात्र जशीच्या तशी खाली आणावी. वैमानिक उड्डाणाआधी विमानाभोवती पूर्ण फेरी मारतो, टायर बघतो, टाकीतलं इंधन स्वतः मोजतो. आपण आरशात एक नजर टाकतो आणि रिव्हर्स घेतो.