चापड्याच्या शोधात

आषाढात सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस कोसळू लागला म्हणजे घाटवाटा धुक्यात बुडून जातात, ओढे दुथडी भरून वाहू लागतात आणि अंधार पडल्यावर सहसा कोणी घराबाहेर पडत नाही. नेमक्या याच दिवसांत सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोलीच्या रानात काही निसर्गाभ्यासक विजेऱ्या घेऊन रात्री हिंडताना दिसतात. त्यांच्या खांद्यावर बंदूक नसते, हाती सापळा नसतो. असतो तो केवळ कॅमेरा. ते एका विषारी सापाच्या शोधात निघालेले असतात. त्या सापाचे नाव मलबारी चापडा.

आंबोली हे गाव सावंतवाडीहून बेळगावकडे जाणाऱ्या घाटरस्त्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर वसले आहे. महाराष्ट्रातील अतिपर्जन्याच्या ठिकाणांत त्याची गणना होते. दाट झाडी, ओलसर हवा आणि बेडकांची विपुलता यांमुळे हे रान चापड्याला मानवते.

घोणस आणि फुरसे हे साप ज्या कुळातील आहेत, त्याच कुळात चापड्याचाही समावेश होतो. या कुळातील सापांचे विषदंत लांब व पोकळ असतात. एरवी ते टाळूला लागून मिटलेले राहतात आणि दंश करताना चाकूच्या पात्याप्रमाणे उघडतात. चापड्याचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. त्याच्या डोळा व नाकपुडी यांच्यामध्ये, दोन्ही बाजूंस, एकेक लहान खळगा असतो. त्या खळग्यातील पातळ पडद्याला उष्णतेतील अतिशय सूक्ष्म फरक जाणवतो. त्यामुळे मिट्ट काळोखातही उंदरासारख्या उष्ण रक्ताच्या प्राण्याची चाहूल त्याला लागते. घोणस व फुरसे यांना असा खळगा नसतो.

मलबारी चापडा सुमारे दोन फूट लांबीचा, त्रिकोणी डोक्याचा आणि उभ्या बाहुलीच्या डोळ्यांचा साप आहे. जर्डन नावाच्या निसर्गशास्त्रज्ञाने १८५४ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. त्याच्या रंगांची विविधता पाहून कोणीही चकित व्हावे. एक चापडा शेवाळासारखा हिरवा, दुसरा पिकल्या पानासारखा पिवळा, तर तिसरा वाळक्या काटकीसारखा तपकिरी! तिन्ही एकाच जातीचे आहेत, हे प्रथम पाहणाऱ्यास खरेही वाटत नाही.

असा साप अंधारात शोधणे सोपे नाही. विजेरीचा झोत पडताच कोळ्यांचे डोळे हिऱ्याच्या कणांसारखे लुकलुकतात. सापाचे डोळे तसे चमकत नाहीत. म्हणून शोधणाऱ्याला आकृती हेरावी लागते. तो ओढ्याकाठच्या झुडपांतून सावकाश चालतो आणि जमिनीपासून डोक्याच्या उंचीपर्यंत एकेक फांदी न्याहाळतो. पावसाचा थेंब पडला की पान दबते आणि पुन्हा उसळते. फांदीवरील एखादी गुंडाळी मात्र तशी उसळत नाही. तेथे नजर थबकते. मग हळूहळू खवले दिसू लागतात, डोके दिसू लागते, आणि ज्याला आतापर्यंत वाळका वेल समजले तो चापडा असल्याचे ध्यानी येते.

चापडा भक्ष्याचा पाठलाग करीत नाही. बेडूक, पाली, उंदीर यांच्या येण्याजाण्याची वाट जेथून जवळ पडते, अशी जागा तो निवडतो आणि तेथे निश्चल बसून राहतो. कधी कधी एकाच फांदीवर तो अनेक रात्री दिसतो. भक्ष्य टप्प्यात आले की क्षणार्धात झेप आणि पुन्हा तीच निश्चलता! ही प्रतीक्षा हेच त्याच्या उपजीविकेचे साधन आहे.

छायाचित्रकाराची खरी परीक्षा येथे होते. तासन्‌तास पावसात भिजून साप सापडलेला असतो. पण त्याचे तोंड पानाआड असते. हातात काठी असते. ती फांदी थोडी वळवली, सापाला उचलून मोकळ्या फांदीवर ठेवले, तर छायाचित्र सुरेख येईल, असा मोह मनाला होतो. एवढ्याशा गोष्टीने कोणाचे काय बिघडणार आहे?

बिघडते ते असे. जागेवरून हलवलेला साप बिथरतो आणि निवडलेली जागा सोडून जाऊ शकतो. मग त्याची कित्येक रात्रींची प्रतीक्षा वाया जाते. उलट, भिऊन त्याने दंश केला तर माणसावरच संकट ओढवते. चापड्याच्या विषाने तीव्र वेदना होतात व मोठी सूज येते. भारतात सर्पदंशावर दिली जाणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांवर तयार केलेली आहे. चापड्याच्या विषासाठी तिची योजना नाही. त्यामुळे डॉक्टरांना लक्षणे पाहून उपचार करावे लागतात. भर पावसात, रात्रीच्या वेळी, घाट उतरून इस्पितळ गाठणे किती कठीण आहे, हे सांगावयास नको.

म्हणून जाणते छायाचित्रकार काही नियम कटाक्षाने पाळतात. ते वनविभागाची परवानगी घेतात, रानाची माहिती असलेल्या स्थानिक वाटाड्याला बरोबर नेतात आणि एकट्याने कधीही जात नाहीत. पायांत उंच बूट घालतात. प्रकाश टाकल्यावाचून कोणत्याही फांदीला वा दगडाला हात लावत नाहीत. सापापासून त्याच्या लांबीच्या दुपटीहून अधिक अंतर ठेवतात आणि दुरूनही बारकावे टिपणारे भिंग वापरतात. झगझगीत प्रकाश सौम्य व्हावा म्हणून दिव्यापुढे पांढरे पातळ कापड धरतात. कॅमेरा सापाच्या डोक्याच्या रेषेशी समांतर धरला, तर डोळा, खळगा आणि नाकपुडी ही तिन्ही एकाच वेळी स्पष्ट येतात. मोजकी चित्रे घेतली की दिवा मालवतात व मागे सरतात. तोंड पानाआडच राहिले, तर पानाआडचेच चित्र घेतात, किंवा दुसऱ्या रात्री पुन्हा येतात.

याखेरीज कोणालाही दंश झालाच, तर जखम कापू नये, विष चोखू नये, दोरीने घट्ट बांधू नये. दंश झालेला अवयव न हलवता त्या माणसाला धीर देऊन त्वरित इस्पितळात न्यावे, हेही ते सर्वजण आधीच पक्के लक्षात ठेवतात.

अशा रीतीने घेतलेल्या चित्राचे मोल मोठे असते. त्यात साप दिसतो, तसेच त्याचे झाड, त्याची उंची आणि त्याची बसण्याची रीतही दिसते. चित्राबरोबर दिनांक, वेळ व हवामान यांची नोंद ठेवली, तर अभ्यासकांना त्या जातीचे जीवन समजून घेता येते. हलवून मांडलेल्या सापाचे चित्र कितीही देखणे असले, तरी तो साप तेथे का बसला होता हे ते सांगू शकत नाही. जागेचा नेमका पत्ता मात्र हे लोक सर्वांपुढे उघड करीत नाहीत; कारण साप पकडून नेणाऱ्यांच्या कानीही तो जाण्याची भीती असते.

पहाटे पाऊस ओसरतो. भिजलेली मंडळी गावाकडे परततात. कॅमेऱ्यात चापड्याची दोन-चार चित्रे असतात. मागे ओढ्याकाठी, त्याच फांदीवर, तोच चापडा बेडकाची वाट पाहत बसलेला असतो. आपल्याला कोणी पाहून गेले, याची कसलीही खूण त्याच्या रानात उरलेली नसते. त्या रात्रीचे काम चांगले झाले, असे ती मंडळी म्हणतात ते यावरूनच.