कर्करोगाच्या पेशीचा ऊर्जापुरवठा तोडता येईल का?

पेट स्कॅनच्या आधी रुग्णाला ग्लुकोजसारखे एक किरणोत्सारी द्रव्य टोचतात. कर्करोगाच्या बहुतेक गाठी ते अधाशासारखे ओढून घेतात आणि पडद्यावर उजळून दिसतात. भरपूर ऑक्सिजन असूनही या गाठींतल्या पेशी साखरेचे लॅक्टेट करून ते बाहेर टाकतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकात दाखवले. यावरून पेशीतली ऊर्जा बनवणारी मायटोकाँड्रिया बिघडलेली असणार, असे त्यांनी ठरवले. तिथे मात्र ते चुकले. बहुतेक कर्करोगांत मायटोकाँड्रिया चांगली चालू असतात. ऊर्जा तर देतातच, शिवाय नव्या पेशींसाठी कच्चा मालही पुरवतात.

मग तीच बंद पाडली तर? मधुमेहाचे स्वस्त औषध मेटफॉर्मिन मायटोकाँड्रियातील श्वसनसाखळीचा पहिला टप्पा मंदावते, म्हणून त्याच्याकडून फार आशा होती. स्तनाचा कर्करोग झालेल्या, पण मधुमेह नसलेल्या साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांवर मोठी चाचणी झाली. २०२२ साली निकाल लागला: रोग परतण्याचे प्रमाण काही कमी झाले नाही. त्याच टप्प्यावर जोरदार घाव घालणारे आयएसीएस-०१०७५९ हे औषध तर सुरुवातीच्या चाचण्यांतच थांबवावे लागले. रक्तातले लॅक्टेट वाढले, मज्जातंतूंना इजा झाली. साहजिकच आहे म्हणा. आपले मज्जातंतूही मायटोकाँड्रियांवरच चालतात.

यश आले ते नेमका बिघाड हेरल्यावर. तीव्र मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या काही रुग्णांत आयडीएच-२ हे मायटोकाँड्रियातले एन्झाइम जनुकीय बदलामुळे भलतेच रसायन बनवू लागते, आणि कच्च्या रक्तपेशी पक्व होतच नाहीत. एनासिडेनिब हे औषध त्या एन्झाइमला रोखते. अमेरिकेत त्याला २०१७ साली मान्यता मिळाली. गंमत म्हणजे ते पेशीला थेट मारत नाही, पक्व व्हायला लावते.