मूत्रपिंडाची उपासमार

बंगळूर म्हणजे थंड हवेचे गाव, तेथे उन्हाची बाधा कसली, अशी जी समजूत नोकरीनिमित्त तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींत अद्याप दृढ आहे, तिला २४ एप्रिल २०१६ रोजी त्या शहरात नोंदल्या गेलेल्या ३९.२ अंश तापमानाने पुरेसे उत्तर दिलेले आहे. आणि राजाजीनगरसारख्या वसाहतीत, जेथे एका अंगाला कारखाने व दुसऱ्या अंगाला कामगार राज्य विमा महामंडळाचे मोठे रुग्णालय आहे, तेथे तर यंत्रापुढे दिवसभर घाम गाळणाऱ्या माणसाच्या मूत्रपिंडांचा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही.

दोन्ही मूत्रपिंडे मिळून वजनाने जेमतेम अडीचशे-तीनशे ग्रॅम भरतात, तथापि हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पाचवा ते चौथा हिस्सा, म्हणजे मिनिटाला सुमारे एक लिटर, त्यांच्या वाट्याला येतो. अतोनात घाम, जुलाब-उलट्या, रक्तस्राव, अंगात भिनलेला जंतुसंसर्ग किंवा दुबळे झालेले हृदय यांपैकी कशानेही हा ओघ मंदावला, की अवयव मुळात निरोगी असूनही त्याचे काम खालावते. ‘किडनी खराब झाली’ असे घरोघर म्हटले जाते, परंतु आरंभी मूत्रपिंड खराब झालेले नसते. त्याची रसद तुटलेली असते. ती वेळेवर पूर्ववत झाली तर बहुधा दोन-तीन दिवसांत काम मूळपदावर येते, आणि विलंब झाला तर आतील सूक्ष्म नलिकांच्या पेशी मरू लागून तेच दुखणे आठवडेच्या आठवडे रेंगाळते.

कंबर दुखली म्हणजे मूत्रपिंड बिघडले, आणि दुखत नाही म्हणजे सर्व ठीक, हा समज तर उलटाच आहे, कारण रसद तुटल्याने होणाऱ्या या इजेत वेदना बहुधा नसतेच. लघवी कमी व गडद होणे, उठताना भोवळ येणे, तोंड कोरडे पडणे या खुणा असतात. कित्येकदा लघवीचे प्रमाणही घटत नाही. रक्ताच्या अहवालावर विसंबणाऱ्यांनीही थोडे थांबावे. क्रिएटिनिन या रक्तातील टाकाऊ द्रव्याचा आकडा इजेनंतर सावकाश चढतो, आणि अठ्ठेचाळीस तासांत ०.३ मिलिग्रॅमची वाढ ही इजाच मानली जात असल्यामुळे, ०.८ वरून १.१ वर गेलेला आकडा अहवालाच्या नेहमीच्या मर्यादेत दिसत असला तरी तो निर्दोषपणाचा दाखला नव्हे.

सर्वांत घातक गैरसमज मला औषधांविषयीचा वाटतो. रक्त कमी पडू लागले, की मूत्रपिंड आत येणारी सूक्ष्म धमनी रुंदावते व बाहेर जाणारी आवळते, आणि गाळणीवरचा दाब टिकवून धरते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या यांतील पहिली सोय बंद करतात. रक्तदाबासाठी दिली जाणारी रामिप्रिल, टेल्मिसार्टन ही औषधे, जी एरवी मूत्रपिंडांच्या हिताचीच असतात, दुसरी शिथिल करतात. आणि लघवीची गोळी उरलेसुरले पाणीही काढून नेते. तिन्ही एकदम, त्यात हगवण लागलेली! अशा वेळी अंग मोडून आले म्हणून औषधांच्या दुकानातून परस्पर गोळी आणणे टाळावेच, परंतु चालू औषधे आपल्या मर्जीने बंद न करता, ती घ्यावीत की थांबवावीत हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. लघवी होत नाही म्हणून लघवीची गोळी घेणाराही याच मार्गाने फसतो.

मग भरपूर पाणी प्यावे, हा उपायही सरसकट नव्हे. जुलाबात नुसत्या पाण्यापेक्षा मीठ-साखरेच्या योग्य प्रमाणाचे ओआरएस अधिक उपयोगी ठरते. उलट हृदय दुबळे असेल तर मूत्रपिंडाला रक्त कमी पोचते ते पाण्याच्या अभावी नव्हे, आणि तेथे तांब्यामागून तांबे रिचवणे फुप्फुसांत पाणी साठवणे होय.

डायलिसिसला एकदा लावले की जन्मभर सुटका नाही, या भीतीने संमतीपत्रावर सही करायला नातेवाईक अडून बसतात. परंतु डच वैद्य विलेम कोल्फ यांच्या कृत्रिम मूत्रपिंडामुळे १९४५ मध्ये वाचलेली पहिली रुग्ण, ६७ वर्षांची स्त्री, त्यानंतर त्या यंत्राशिवाय आणखी कित्येक वर्षे जगली, कारण तिची इजा तात्कालिक होती. अर्थात बरे झाले म्हणजे प्रकरण दप्तरदाखल झाले असेही नाही: अशा रुग्णाला पुढे दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराचा धोका अधिक असतो, म्हणून तीन महिन्यांनी क्रिएटिनिन व लघवीतील प्रथिने पुन्हा तपासून घ्यावीत.