चित्रकथेतील उपरोध आणि चित्रपट-रूपांतर : ‘जज ड्रेड’चे उदाहरण

चित्रकथेवरून चित्रपट तयार करताना मूळ कृतीतील उपरोधिक विनोद राखावा की गाळावा, हा प्रश्न बहुधा अभिरुचीचा समजून निकालात काढला जातो. विनोद म्हणजे पदार्थावर वरून भुरभुरलेली कोथिंबीर, ती काढून टाकल्याने पदार्थ बदलत नाही, अशी त्यामागील समजूत असते. पुष्कळ कृतींच्या बाबतीत ती खरीही आहे. परंतु नायकाकडे कोणत्या दृष्टीने पाहावयाचे हे जेथे विनोदच ठरवितो, तेथे तो गाळला असता कथानक तेच राहते आणि अर्थ मात्र उलटतो. ‘जज ड्रेड’ ही ब्रिटिश चित्रकथा व तिच्यावरील १९९५ आणि २०१२ सालचे दोन चित्रपट या दृष्टीने विशेष उद्बोधक आहेत.

‘२००० ए. डी.’ हे ब्रिटिश साप्ताहिक फेब्रुवारी १९७७ मध्ये सुरू झाले आणि त्याच्या दुसऱ्याच अंकात ड्रेड अवतरला. लेखक जॉन वॅग्नर, चित्रकार कार्लोस एस्केरा. १९७१ च्या ‘डर्टी हॅरी’ या चित्रपटातील कायद्याची पर्वा न करणारा पोलीस अधिकारी वॅग्नरच्या डोळ्यांपुढे होता. एस्केरा हा तर फ्रँकोच्या स्पेनमध्ये वाढलेला. त्यामुळे ड्रेडच्या खांद्यावर विराजमान झालेला गरुड केवळ शोभेचा नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पसरलेल्या मेगा-सिटी वन या भावी महानगरात लोकशाही संपुष्टात आली आहे. पोलीस, न्यायाधीश आणि शिक्षेची अंमलबजावणी करणारा अधिकारी ही तिन्ही कामे एकच माणूस रस्त्यावर उभ्या उभ्या उरकतो. तोच ‘जज’.

या भीषण कल्पनेतून विनोद कसा निर्माण होतो, हे नीट पाहिले पाहिजे. ड्रेड स्वतः कधीही विनोद करीत नाही. तो हसत नाही, शिरस्त्राण काढीत नाही आणि त्याचा संपूर्ण चेहरा वाचकाला दिसत नाही. हास्यास्पद आहे ते त्याच्या भोवतीचे जग. यंत्रमानवांनी कामे हिरावून घेतल्यामुळे बहुसंख्य नागरिक बेकार आहेत, आणि रिकामपणाच्या पोटी ते एकेक खूळ जोपासतात. कुरूप होण्यासाठी दवाखान्यात पैसे मोजतात. वजन वाढविण्याच्या स्पर्धेत उतरून पोटाखाली चाक लावून हिंडतात. १९८१ च्या कथामालेत एनिड ब्लायटन यांचे नाव दिलेली गगनचुंबी वसाहत शेजारच्या वसाहतीवर सशस्त्र चालून जाते. पुढे एका कथेत हेच नागरिक ओरांगउटान जातीच्या वानराला महापौर म्हणून निवडून देतात. साखर आणि कॉफी यांवर बंदी आहे, आणि ती बाळगणाऱ्याला ड्रेड खुनी माणसाला द्यावी तितक्याच गांभीर्याने शिक्षा फर्मावतो. अपराध आणि शिक्षा यांतील या विसंगतीवर वाचक हसतो, आणि हसल्यामुळेच ड्रेडपासून एक पाऊल दूर सरतो. हे अंतर हीच या चित्रकथेची खरी मिळकत होय. उपरोध येथे दुधारी आहे : अशा सत्तेची टवाळी तो करतोच, पण अशी सत्ता मुकाट्याने पत्करणाऱ्या नागरिकांचीही करतो. १९९१ च्या एका कथेत लोकशाही परत हवी का, यावर सार्वमत घेतले जाते. फार थोडे नागरिक मतदानाला जातात, आणि जे जातात त्यांतील बहुसंख्य जजांच्या बाजूने कौल देतात.

डॅनी कॅनन दिग्दर्शित १९९५ चा ‘जज ड्रेड’ विनोदहीन मुळीच नव्हता. त्याने विनोदाची जागा मात्र चुकविली. सिल्व्हेस्टर स्टॅलोनच्या ड्रेडसोबत रॉब श्नायडरचे एक बडबडे पात्र जोडून देण्यात आले आणि हास्यनिर्मितीची सारी जबाबदारी त्याच्यावर टाकण्यात आली. हा आपल्याकडील जुन्या नाटकांतील विदूषकासारखा प्रकार झाला. विदूषक शेजारी उभा राहिला की नायक आपोआप गंभीर आणि आदरणीय ठरतो. त्यात ड्रेडवर खोटा आरोप येतो, शिरस्त्राण उतरते, ताऱ्याचा चेहरा पडदा व्यापतो आणि एका अन्यायग्रस्त वीराची सर्वपरिचित कथा सुरू होते. विनोद शिल्लक राहिला, पण उपरोध गेला.

पीट ट्रॅव्हिस दिग्दर्शित व अ‍ॅलेक्स गार्लंड लिखित २०१२ च्या ‘ड्रेड’चे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. हा निःसंशय सरस चित्रपट होय. वॅग्नर स्वतः त्याचा सल्लागार होता, आणि कार्ल अर्बनने अखेरपर्यंत शिरस्त्राण उतरविले नाही. विदूषकाला त्यात स्थान नाही. म्हणूनच ‘हास्य गाळले, निष्ठा राखली’ असा त्याचा गौरव झाला. परंतु त्याच्या पूर्वभागात उपरोध पुरता लोपलेला नाही. गोळीबारात माणसे मरून पडलेल्या बाजारपेठेत उपाहारगृहे अर्ध्या तासात पुन्हा उघडतील, अशी घोषणा ध्वनिक्षेपकावरून होते. घडणाऱ्या गंभीर गुन्ह्यांपैकी सुमारे सहा टक्क्यांचीच दखल घेता येते, हे ड्रेड निर्विकारपणे सांगतो. पीच ट्रीज या दोनशे मजली वसाहतीच्या दाराशी बसलेल्या भिकाऱ्याला तो बजावतो की आपण परत येईपर्यंत येथे दिसू नकोस. थोड्याच वेळात वसाहतीची पोलादी दारे बंद होतात आणि तो भिकारी त्यांखाली चिरडला जातो. हा अस्सल ‘ड्रेडी’ विनोद आहे : निर्दय, कोरडा, टाळी न मागणारा.

ती दारे बंद होताच उपरोधही बाहेर राहतो. आतील नागरिक दाराआड दडलेली भेदरलेली माणसे तरी असतात, नाही तर बंदूकधारी तरी. हास्यास्पद असण्याइतका अवकाश त्यांना मिळत नाही. खलनायिका मा-मा ही इतकी क्रूर आहे की तिच्यासमोर ड्रेडची प्रत्येक गोळी समर्थनीय वाटू लागते. चार लाचखाऊ जज मध्येच प्रकट होतात; पण त्यांच्यामुळे व्यवस्थेवर प्रश्नचिन्ह उमटण्याऐवजी, जज प्रामाणिक असले तर व्यवस्था ठीकच आहे, असा उलटा निष्कर्ष सूचित होतो. जे पात्र मुळात प्रश्न म्हणून रेखाटले गेले, ते उत्तर म्हणून पडद्यावर येते.

रूपांतरकारांच्या बाजूनेही काही म्हणता येईल. साप्ताहिकातील पाच-सहा पानी कथा वर्षानुवर्षे साचत जातात. आज साखरेची बंदी, पुढच्या महिन्यात वानर महापौर. दीड तासाच्या चित्रपटाला ही मुभा नाही. दुसरी अडचण याहून मूलगामी आहे. ब्रायन बॉलंड किंवा माइक मॅकमहॉन यांच्या रेषेत अतिशयोक्ती मुरलेलीच असते. पोटाखाली चाक लावलेला माणूस तेथे सहज खपून जातो. कॅमेऱ्यासमोर तोच माणूस खरे शरीर घेऊन येतो आणि हास्याऐवजी किळस अथवा करुणा उपजते. म्हणून मूळचे विनोद जसेच्या तसे उचलावेत, असा आग्रह कोणी धरणार नाही. राखावयाचे ते विनोदाने साधलेले अंतर, आणि ते अन्य मार्गांनीही साधता येते. पॉल व्हर्होव्हेनचा ‘रोबोकॉप’ (१९८७) हा ड्रेडवरील चित्रपट नव्हे, तरी ड्रेडची छाया त्यावर स्पष्ट आहे. कथानकाच्या मध्ये मध्ये बातम्या आणि कपोलकल्पित जाहिराती पेरून त्याने तेच अंतर निर्माण केले.

खुद्द चित्रकथेनेही एकदा विनोद जवळजवळ संपूर्ण बाजूस ठेवला. १९९० पासून प्रसिद्ध झालेली, कॉलिन मॅकनीलने रंगविलेली वॅग्नरची ‘अमेरिका’ ही कथा लोकशाहीच्या चळवळीत ओढल्या गेलेल्या आणि देशाचेच नाव धारण करणाऱ्या एका स्थलांतरित कुटुंबातील मुलीची आहे. तिच्यात ड्रेड सरळसरळ प्रतिपक्षात उभा आहे. हास्य गेले, तरी अंतर तसूभरही कमी झाले नाही. २०१२ च्या चित्रपटाला गांभीर्यच अभिप्रेत होते, तर हा नमुना हाताशी होता.

उपरोधाची किंमत मोजण्याचा प्रसंग चित्रकथेवरही येऊन गेलेला आहे. १९७८ च्या ‘कर्स्ड अर्थ’ या मालिकेत खाद्यव्यवसायातील प्रसिद्ध कंपन्यांच्या बोधचिन्हांची खिल्ली उडविणारी काही प्रकरणे होती. कायदेशीर अडचणींमुळे ती अनेक दशके पुनर्मुद्रणातून वगळली जात होती. विडंबनाला सवलत देणारी दुरुस्ती ब्रिटनच्या लेखाधिकारविषयक कायद्यात २०१४ साली झाली, आणि २०१६ मध्ये ती प्रकरणे प्रथमच मालिकेच्या संग्रहात समाविष्ट झाली.