ऑनलाइन खेळांतील लबाडी : काटा कोणाच्या हाती?

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून मोबाइलवरच्या खेळांची चर्चा व्हावी, हे काही वडीलधाऱ्या मंडळींना रुचणार नाही, याची आम्हांस कल्पना आहे. ज्या पोरखेळाने मुलांचे डोळे आणि अभ्यास दोन्ही बिघडतात, त्यातली लबाडी थांबली काय आणि न थांबली काय, असा त्यांचा प्रश्न असेल. त्यावर आमचे उत्तर असे की, संध्याकाळी भिंतीला टेकून मोबाइलमध्ये डोके घालून बसलेला मुलगा एकटा नसतो. बीजीएमआयसारख्या खेळाच्या एका डावात शंभर जण उतरतात. त्यांतले दोघे लबाड निघाले तर अठ्ठ्याण्णव जणांचा डाव नासतो. आणि लबाडी केल्यावाचून जिंकता येत नाही, हा धडा तो मुलगा रोज संध्याकाळी गिरवतो. उद्या तोच मुलगा खाणीत, बाजार समितीत, कचेरीत येणार आहे. तेव्हा हा प्रश्न पोरखेळाचा राहत नाही. पैसे लावून खेळायचे खेळ हा मात्र आजचा विषय नव्हे. त्यांवर बंदी घालणारा आणि ई-क्रीडेला मान्यता देणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला आहे.

आपला तालुका कापसाचा आणि कोळशाचा. काटा मारणे म्हणजे काय, हे येथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. माल एकाचा, काटा दुसऱ्याचा, आणि वजन वाचणाराही तोच, अशी स्थिती असली की भांडण ठरलेलेच. ऑनलाइन खेळांतील लबाडीचे मूळही नेमके येथेच आहे.

हे खेळ चालतात कसे, ते आधी पाहू. प्रत्येक खेळाडूच्या हातात मोबाइल किंवा संगणक असतो, आणि दूर कोठे तरी कंपनीचा एक मोठा संगणक असतो. त्याला सर्व्हर म्हणतात. मी दोन पावले पुढे गेलो, मी गोळी झाडली, असा निरोप मोबाइल सर्व्हरला देतो. सर्व्हर तो इतरांना कळवतो. आता मोबाइल खेळाडूच्या मालकीचा. त्यात फेरफार करून त्याने ‘मी एका क्षणात अर्धे मैदान ओलांडले’ असा निरोप धाडला, आणि सर्व्हरने तो मुकाट्याने मानला, तर वजन करणाराच मालाचा धनी झाला, असे होईल. म्हणून पहिला नियम असा की, खेळाडूच्या यंत्राने केवळ इच्छा कळवावी, हिशेब सर्व्हरने करावा. ‘मला पुढे जायचे आहे’ एवढेच मोबाइलने म्हणावे. किती पुढे जाता येते, मध्ये भिंत आहे काय, बंदुकीत गोळ्या उरल्या आहेत काय, हे सर्व्हरने ठरवावे. एवढ्यानेच भरधाव पळण्याच्या आणि न संपणाऱ्या गोळ्यांच्या युक्त्या बव्हंशी निकामी होतात.

मग सगळेच काम सर्व्हरवर का सोपवीत नाहीत? याचे कारण अंतर. निरोप जाऊन उत्तर यायला सेकंदाचा दहावा भाग जरी लागला, तरी नेमबाजीच्या खेळात तेवढा वेळ फार होतो. म्हणून मोबाइल उत्तराची वाट न पाहता चित्र पुढे सरकवतो आणि सर्व्हरचे उत्तर आले की चूक दुरुस्त करून घेतो. ही सवलत नसेल तर खेळ अडखळतो. ती सैल सोडली तर लबाडाला वाव मिळतो. खेळ बनवणाऱ्यांची सारी कसरत या दोहोंच्या मधली आहे.

दुसरी लबाडी भिंतीपलीकडचे पाहण्याची. पत्ते वाटणाऱ्याने चौघांचेही पत्ते प्रत्येकापुढे पालथे मांडावेत आणि ‘दुसऱ्याचे उलटून पाहू नका’ असे बजावावे, तशी पुष्कळ खेळांची रचना असते. शत्रू कोठे दडला आहे ही माहिती मोबाइलपर्यंत आलेली असते, केवळ पडद्यावर दाखवलेली नसते. लबाडाचे साधन ती आतून वाचते. यावर उपाय सोपा आहे : ज्याला जे दिसू नये ते त्याच्याकडे पाठवूच नये. २०२० साली आलेल्या व्हॅलोरंट या खेळाने तशी योजना केली. तथापि शत्रू कोपऱ्यावरून वळण्याच्या बेतात असला की त्याची खबर थोडी आधी पाठवावीच लागते, नाहीतर तो हवेतून प्रकटल्यासारखा दिसतो. म्हणजे येथेही लबाडी पुरती मरत नाही. तिची खिडकी तेवढी अरुंद होते.

तिसरा प्रकार सर्वांत अवघड. येथे निरोप खोटा नसतो, नियम मोडलेला दिसत नाही. केवळ खेळणारा हात माणसाचा नसून यंत्राचा असतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये शांघाय येथे काउंटर-स्ट्राइक या खेळाची आशियाई स्पर्धा चालू असता ऑप्टिक इंडिया या भारतीय संघातील एका खेळाडूच्या संगणकावर नेम साधून देणारे साधन पंचांना सापडले. एखाद्या साध्या कागदपत्राच्या प्रणालीचे वाटावे असे ‘वर्ड’ हे नाव त्याला दिलेले होते. संघ स्पर्धेतून बाद झाला, पुढे विसर्जित झाला, आणि त्या खेळाडूवर पाच वर्षांची बंदी आली. लबाडी एकाची, पण त्याच्या निर्दोष सोबत्यांची मेहनतही त्याच दिवशी मातीस मिळाली.

बुद्धिबळातही हेच घडते. १३ जून २०२१ रोजी करोनाग्रस्तांच्या मदतीसाठी विश्वनाथन आनंद काही नामवंतांशी ऑनलाइन डाव खेळले. त्यांत उद्योजक निखिल कामत यांनी चक्क आनंद यांना हरवले, आणि दुसऱ्याच दिवशी संगणकाची व इतरांची मदत घेतल्याचे कबूल केले. आनंद यांनी एवढेच सांगितले की, पटावर जी स्थिती होती ती आपण खेळलो. ही लबाडी पकडायची रीत अशी : खेळाडूच्या खेळ्या संगणकाच्या सर्वोत्तम खेळ्यांशी ताडून पाहायच्या आणि त्याच्या नेहमीच्या कुवतीच्या माणसाकडून इतका मेळ बसणे कितपत संभवनीय आहे, याचे गणित मांडायचे. अमेरिकेतील बफेलो विद्यापीठाचे प्राध्यापक केनेथ रीगन यांचे काम या गणितात प्रसिद्ध आहे.

पण गणिताला गणितानेच जपावे लागते. समजा, एखादी कसोटी हजारांत एकदाच चुकते. ऐकायला ती फार चांगली वाटते. पण एक लाख प्रामाणिक खेळाडू तिच्याखालून गेले, तर शंभर निरपराध्यांवर लबाडीचा शिक्का बसतो. म्हणून नुसत्या संशयावर शिक्षा न देता दुसरा पुरावा शोधावा लागतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये डोटा या खेळाच्या वाल्व्ह कंपनीने तो चतुराईने मिळवला. खेळाच्या आत तिने माहितीचा असा एक कप्पा ठेवला की, सरळ खेळणाऱ्याच्या यंत्राने तो कधी उघडलाच नसता. केवळ लबाडीचे साधनच त्यात हात घाली. ज्यांनी हात घातला अशी चाळीस हजारांहून अधिक खाती बंद झाली. बंदोबस्तही पुष्कळदा एकेकाचा न करता एकदम करतात, तो यासाठी की, आपली कोणती युक्ती उघडकीस आली हे साधन विकणाऱ्याला कळू नये.

हे विकणारे कोण? पोराटोरांचा हा उद्योग नव्हे. २०२१ मध्ये चीनच्या पोलिसांनी टेन्सेंट कंपनीच्या मदतीने अशी एक टोळी धरली, तेव्हा महागड्या मोटारींसह कोट्यवधी डॉलरांची मालमत्ता हाती लागली. मुले दिवसाच्या, महिन्याच्या भाड्याने लबाडी विकत घेत होती. ‘फुकटचा हॅक’ म्हणून जी फाइल मिळते तिच्या पोटात पुष्कळदा पासवर्ड चोरणारी प्रणाली असते. इतरांस फसवायला निघालेला मुलगा आधी स्वतः फसतो, हे आईबापांनी त्याला समजावून सांगावे. नुसते रागावून भागणार नाही.

आता आमच्या मते मुख्य प्रश्न. लबाडी रोखण्याच्या नावाखाली कंपन्या खेळाडूच्या यंत्रात कितपत शिरणार? व्हॅलोरंटचा पहारेकरी संगणक सुरू होताच, खेळ उघडण्यापूर्वीच, यंत्राच्या अगदी गाभ्यात जागा धरतो. त्याच्यामुळे लबाडी अवघड होते, हे खरे. पण कारखान्याच्या फाटकावर कामगाराची झडती घेण्याबद्दल चळवळीने जे प्रश्न विचारले, तेच येथेही विचारले पाहिजेत : काय पाहता, कोठे लिहून ठेवता, काम संपल्यावर बाहेर पडता की नाही? आणि खाते बंद करताना खेळाडूचे म्हणणे ऐकता काय? आपल्या देशात १९४६ सालीच स्थायी आदेशांचा कायदा झाला आणि कामगाराला शिक्षा करण्यापूर्वी आरोप कळवावा, त्याचे म्हणणे ऐकावे, ही रीत रूढ झाली. एखाद्या मुलाने तीन वर्षे खपून कमावलेले खाते एका ओळीच्या सूचनेने बंद व्हावे आणि दाद मागायला माणूसच नसावा, हा न्याय नव्हे.

हे सर्व कल्पनेतले नाही. ३० ऑगस्ट २०२० रोजी पहिल्या ऑनलाइन बुद्धिबळ ऑलिंपियाडच्या अंतिम फेरीत भारत आणि रशिया समोरासमोर होते. आपल्या विदर्भाची, नागपूरची दिव्या देशमुख आणि निहाल सरीन यांचा संपर्क ऐन डावात तुटला आणि दोघेही वेळेवर हरले. यंत्राने आपले काम केले होते : घड्याळ संपले, डाव गेला. भारताने दाद मागितली; चौकशीत बिघाड इंटरनेटच्या जगड्व्याळ यंत्रणेतच असल्याचे दिसले, आणि दोन्ही देशांना सुवर्णपदक देण्यात आले. हीच दिव्या जुलै २०२५ मध्ये बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकली. दाद ऐकणारी माणसे होती, म्हणून निकाल सुधारला. वणीच्या मुलाचा संपर्क तुटला तर तो कोणाकडे जाणार?

इंग्लंडच्या कोळसा खाणकामगारांनी असाच प्रश्न दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी सोडवला. मजुरी कोळशाच्या वजनावर आणि काटा मालकाचा. तेव्हा १८६० च्या कायद्याने कामगारांना काट्यापाशी आपला माणूस उभा करण्याचा हक्क मिळाला. त्याचा पगार कामगार स्वतःच्या खिशातून देत. काटा मालकाकडेच राहिला, पण वजन वाचणारे डोळे दोन झाले. खेळांतही याचे एक उदाहरण आहे. २०१३ साली काउंटर-स्ट्राइकमध्ये जाणत्या खेळाडूंनाच पंच नेमण्याची पद्धत सुरू झाली. संशयिताचे नाव झाकून त्याच्या डावाचे चित्रण अनेकांना दाखवीत, आणि बहुतेकांचे मत जुळले तरच तो दोषी ठरे. कंपनीचे यंत्र, गणिताची कसोटी आणि जाणकारांचा निवाडा, असे तिन्ही जुळले म्हणजे लबाड सुटण्याची आणि निरपराधी अडकण्याची, दोन्ही भीती कमी होते.

आपल्या गावापुरते बोलायचे तर, मंडळांनी आणि शाळा-महाविद्यालयांनी या खेळांच्या स्पर्धा घ्यायच्या झाल्यास त्या एका दालनात, सर्वांसमक्ष, आयोजकांनी तपासलेल्या यंत्रांवर घ्याव्यात. तक्रार ऐकणारे तीन जणांचे पंचमंडळ आधीच जाहीर करावे, आणि त्यांत एक जण खेळाडूंनी निवडलेला असावा. खर्च फारसा येत नाही. त्यातून मुलांना जे मिळेल ते बक्षिसाहून मोलाचे असेल : आपल्या तक्रारीची दखल घेतली जाते, आणि नियम जिंकणाऱ्यालाही लागू असतात, हा अनुभव. पुढे काट्यापाशी उभे राहून वजन वाचण्याची वेळ त्यांच्यावर येईल, तेव्हा तो त्यांच्या कामी येईल.