कण धावतात, पण पोचतात कधी? (लेखांक 4)

उदबत्ती लावली की वास घरभर पसरायला थोडा वेळ लागतो. त्यात कोडं दडलेलं आहे, हे 1858 साली नेदरलँड्सचे हवामानशास्त्रज्ञ बाइज बॅलट यांनी दाखवून दिलं. वायूचे रेणू सेकंदाला शेकडो मीटर धावतात, असं रुडॉल्फ क्लॉझियस यांनी आदल्याच वर्षी मांडलं होतं. बाइज बॅलट यांनी विचारलं, मग धूर हवेत रेंगाळतो कसा? वास तर क्षणात नाकाशी यायला हवा!

या विषयातला मला सर्वांत आवडणारा प्रश्न हाच. क्लॉझियस यांनी त्याच वर्षी उत्तर दिलं: रेणू धावतो, पण त्याला सरळ धावायला मिळत नाही. आज आकडेही माहीत आहेत. खोलीतल्या हवेत नायट्रोजनचा रेणू सेकंदाला साधारण 500 मीटर वेगाने जातो, पण मिलिमीटरचा जेमतेम चौदा हजारावा भाग कापला की दुसऱ्यावर आदळतो. सेकंदाला अशा अब्जावधी टकरा, आणि प्रत्येकीगणिक दिशा बदलते. अशा भरकटण्याचा हिशेब वेगळा असतो: दहापट लांब जायचं तर शंभरपट वेळ लागतो. हवा अगदी निश्चल असती, तर खोलीच्या एका टोकाचा वास दुसऱ्या टोकाला जायला काही दिवस लागले असते. आपल्यापर्यंत तो येतो तो मुख्यतः हवेच्या झुळकांवर.

द्रवात रेणू एकमेकांना खेटूनच असतात. ग्लासाच्या तळाशी साखरेचा पाक ठेवून वर अलगद पाणी सोडलं आणि ढवळलंच नाही, तर साखरेला सेंटिमीटरभर चढायला दिवसभर लागतो.

स्थायूचे कण ‘जागच्या जागी किंचित हलतात’ हे शाळेतलं वाक्य मात्र मला खटकतं. किंचित असतं ते अंतर, वेग नव्हे. तापमान सारखं असेल तर शिशाच्या अणूची आणि हवेच्या रेणूची पळण्याची सरासरी ऊर्जा जवळपास सारखीच असते. अणू जड म्हणून वेग कमी, तरीही तो सेकंदाला 190 मीटरच्या आसपास भरतो! एवढ्या वेगाने तो शेजाऱ्यांच्या कोंडाळ्यात मागे-पुढे थरथरत राहतो.

आणि कधीकधी निसटतोही. लंडनच्या टांकसाळीतले रसायनतज्ज्ञ विल्यम रॉबर्ट्स-ऑस्टिन यांनी शिशाच्या दांड्यांच्या तळाशी सोनं लावून त्या तापवून ठेवल्या. शिसं 327 अंशांना वितळतं. तापमान त्याच्या बरंच खाली ठेवलं होतं. नंतर दांड्यांच्या चकत्या कापून तपासल्या, तर घट्ट शिशातून सोनं वर चढलेलं निघालं, तळापासून जितकं दूर तितकं विरळ. 1896 साली त्यांनी हे जाहीर केलं. पुढे साध्या तापमानाला चार वर्षं ठेवलेल्या शिशातही त्यांना सोनं सरकलेलं आढळलं.

सोन्याचे अणू शिशाच्या अणूंमधल्या फटींतून घुसू शकतात, म्हणून ते इतके चपळ. खुद्द शिशाच्या अणूला हलायचं तर शेजारची जागा रिकामी मिळावी लागते. स्फटिकात अशा रिकाम्या जागा कशा तयार होतात, ते पुढच्या आठवड्यात.