ड्राफ्टविना दिग्गज : कर्ट वॉर्नर

ड्राफ्ट : अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधील संघ कॉलेजचे खेळाडू क्रमाने निवडतात ती वार्षिक प्रक्रिया. १९९४पासून सात फेऱ्या. निवड न झालेला खेळाडू कोणत्याही संघाशी करार करू शकतो. अंतिम संघात जागेची हमी मात्र नसते.

• जन्म १९७१, आयोवा राज्य. जागा क्वार्टरबॅकची, म्हणजे चाल आखून चेंडू फेकणाऱ्याची.

• १९९४ : ड्राफ्टमध्ये निवड नाही. ग्रीन बे पॅकर्सने सराव शिबिरातूनच परत पाठवले. त्यानंतर किराणा दुकानात रात्रपाळीला माल लावण्याचे काम.

• १९९५–९७ : इनडोअर मैदानावरचे अरीना फुटबॉल, आयोवा बार्नस्टॉर्मर्सकडून. १९९८मध्ये ॲमस्टरडॅमच्या संघाकडून, मग एनएफएलच्या सेंट लुईस रॅम्सकडून.

• मोसम १९९९ : मुख्य क्वार्टरबॅक ट्रेंट ग्रीन मोसमापूर्वीच जखमी, वॉर्नरला संधी. ४,३५३ यार्ड, गुण मिळवून देणारे ४१ टचडाउन पास, लीगचा सर्वोत्तम खेळाडू. सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, टेनेसी टायटन्सवर २३–१६ विजय. त्या सामन्यात ४१४ यार्ड, तेव्हाचा विक्रम.

• २००१ : पुन्हा लीगचा सर्वोत्तम खेळाडू.

• मोसम २००८ : ॲरिझोना कार्डिनल्सला प्रथमच सुपर बोलमध्ये नेले. पिट्सबर्गकडून २३–२७ पराभव.

• २०१० : निवृत्ती. २०१७ : हॉल ऑफ फेममध्ये समावेश.